जिजीचा खोकला

अक्काला तिच्या सासरच्यांनी आणून सोडलं तेव्हा तिच्याबरोबर तिचं ताटही पाठवलं होतं. ताट, वाटी, पितळी तांब्या, अंथरूण आणि दोन पातळं, सगळं एका पोत्यात बांधून दाजींनी आमच्या ओट्यावर ठेवलं, जसं काही बियाणं उतरवायचं होतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण मंदाकिनी. तिचा राजू तेव्हा तीन वर्षांचा होता, पण तो बरोबर नव्हता. "लेकरू कुठंय?" असं मायनं विचारलं तर दाजी जीपच्या चाकाकडं बघत म्हणाले, "जिजीपाशी. हिचा खोकला बरा होऊ द्या, मग बघू." जिजी म्हणजे त्यांची आई, अक्काची सासू. पडेगावच्या शिवारात त्यांची मोठी बागायत होती, आणि त्या भागातली निम्मी लग्नं जिजीच्या शब्दावर जुळायची. जीप वळून गेली. मायनं पोतं सोडलं, ते ताट धुतलं आणि आमच्या ताटांच्या चळतीत मधोमध घुसवून ठेवलं. त्या दिवसानंतर कोणतं ताट अक्काचं हे आमच्या घरात कुणालाच सांगता आलं नसतं.

म्हातारपणी माणसं मन हलकं करायला लिहितात, असं माझी सून म्हणते. "आई, आता सोडून द्या हो ते सगळं," असंही म्हणते. ती चांगली मुलगी आहे. पण मी मन हलकं करायला बसलेले नाही. मला ते सगळं आहे तसं जड हवं आहे.

आमचं गाव फुलंब्रीच्या पलीकडं. मी तेव्हा फुलंब्रीला अकरावीत जात होते. घर तीन खोल्यांचं, पुढं ओटा, मागं शेळ्या आणि शेवग्याचं झाड. पहाटे मायच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं घर जागं व्हायचं. अक्का आल्यापासून त्याच्याही आधी तिचा खोकला जागा व्हायचा. कोरडा, बारीक, एकदा सुरू झाला की संपायचं नाव न घेणारा. भाकरी थापताना मायचा हात मध्येच थांबायचा, खोकला संपला की पुन्हा चालू व्हायचा. शेळ्यांनासुद्धा त्याची सवय झाली. अक्का लग्नाआधी अंगानं भरलेली होती, विहिरीवरून दोन हंडे एकदम आणायची. आता तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. संध्याकाळी अंगात बारीक कणकण, पहाटे उशी ओली. माय तिला आवडतं म्हणून सुशिला करायची, मुरमुरे भिजवून, वरून शेंगदाण्याचा कूट आणि भरपूर कोथिंबीर घालून. अक्का दोन घास खायची आणि उरलेलं माझ्याकडं सरकवायची. कुणीतरी सांगितलं की अंडी द्या. मायच्या चुलीवर तोवर कधी अंडं चढलं नव्हतं. दादा, म्हणजे आमचे वडील, गोठ्यात तीन दगड मांडून अंडी उकडायला लागले. चार दिवस मायनं ते पाहिलं आणि पाचव्या दिवशी त्यांच्या हातातून पातेलं घेतलं. "धुरात बसून अर्धी कच्ची द्यायले तुम्ही पोरीला," एवढंच म्हणाली आणि ते आपल्या चुलीवर ठेवलं.

फुलंब्रीच्या खाजगी डॉक्टरांनी दमा म्हणून सांगितलं. दर आठवड्याला सुई द्यायचे. दोन दिवस अक्काला तरतरी यायची, तिसऱ्या दिवशी ती पुन्हा भिंतीला टेकलेली. मग सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला दिली. जंतू दिसले नाहीत. पुन्हा दिली. पुन्हा दिसले नाहीत. आम्ही तर आनंदलो. मायनं मारुतीला नारळ फोडला. कुणी सांगितलं असतं की तो नारळ फोडायचा नव्हता, तर बरं झालं असतं. कारण रिपोर्ट चांगला आला आणि अक्का मात्र वाळतच राहिली. आता त्या वाळण्याला नावच उरलं नाही. नाव नाही म्हणून औषधही नाही.

रिपोर्टाची बातमी दाजींपर्यंत पोचली आणि ते एकदा येऊन ओट्यावर बसले. मी दारामागं उभी होते.

"रिपोर्टात काहीच निघालं नाय," दाजी म्हणाले. "म्हणजे हे नाटक हाय. जिजी म्हणते ते खरंय. कामाचा कंटाळा, दुसरं काय."

"अन् अंगातलं मांस कुठं गेलं तिच्या?" दादांनी विचारलं. "ते बी नाटक व्हय?"

"मग टीबीच असंल. टीबीची बाई आम्ही घरात कशी ठेवावी, तुम्हीच सांगा."

मी दारातून बाहेर आले. "दाजी, दोन्हीतलं एक काय ते ठरवा."

"शोभे, आत जा," दादा म्हणाले. मी आत गेले. आत अक्का भिंतीकडं तोंड करून पडली होती आणि तिला सगळं ऐकू गेलं होतं. खोकला येऊ नये म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. आपल्या नवऱ्याला आपला खोकला ऐकू जाऊ नये म्हणून. त्या घडीला माझ्या मनात जे पेटलं ते राजूची माया नव्हतं, न्यायबियाय नव्हतं. मला त्या घराला लोकांत खाली पाडायचं होतं. कसं, ते माहीत नव्हतं.

शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात छातीच्या विभागाला एक डॉक्टरीणबाई होत्या. शहराला आम्ही तेव्हा औरंगाबादच म्हणायचो. बाई वयानं फार मोठ्या नव्हत्या, पांढरी सुती साडी, बोलणं हळू. त्यांनी छातीचा फोटो काढला आणि उजेडाकडं धरला. "डाग आहे. पण असा डाग जुन्या न्यूमोनियाचाही असू शकतो. मी आत्ता छातीठोकपणे सांगू शकत नाही." दादांनी थुंकीच्या रिपोर्टाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "जंतू दिसले नाहीत म्हणजे जंतू नाहीत असं नसतं. थोडे असले की काचेवर सापडत नाहीत. आपण थुंकी उबेत ठेवून त्यात जंतू वाढतात का बघू. त्याला दोन महिने लागतात." आधी त्यांनी साध्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो काढला. डाग हलला नव्हता, उलट थोडा पसरला होता. बाईंनी फोटो खाली ठेवला आणि त्या म्हणाल्या, "त्या तपासणीचं उत्तर यायचं तेव्हा येऊ दे. मी टीबीची औषधं आजपासून सुरू करते." पुढं आयुष्यात मला पुष्कळ हुशार माणसं भेटली, पण खात्री नसताना जबाबदारी घेणारी फार थोडी.

त्याच दिवशी त्यांनी आमच्या घरातल्या सगळ्यांच्या छातीचे फोटो काढायला लावले. कुणाच्यातच काही नव्हतं. मग त्यांनी अक्काला विचारलं, "सासरी कुणाला जुना खोकला आहे का?"

"नाय," अक्का म्हणाली. पण तिची बोटं पदराच्या काठातला दोरा ओढत होती. ते बाईंनीही पाहिलं. निघताना त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बहिणीला घरी गेल्यावर पुन्हा विचारा. हा आजार हवेतून येतो, पण हवेत तो कुणीतरी सोडावा लागतो."

आज गावोगावी गाडीत बसवलेलं यंत्र फिरतं. सकाळी थुंकी द्यावी तर दुपारपर्यंत कळतं. मी वाचते, टीव्हीवर बघते, बरं वाटतं. पण कुठल्याही यंत्रात थुंकी घालायला आधी माणसाला ती बाहेर काढावी लागते, आणि घराची अब्रू नावाचा प्रकार त्याला आडवा येतो. तो तेव्हा आला होता, आजही येतो.

बांधावर अंबाडी खुडायला गेलो होतो तेव्हा अक्कानं सांगितलं. दुपार होती, आसपास कुणी नव्हतं, तरी ती कुजबुजत होती. "जिजीला खोकला हाय. मह्या लग्नाच्या आधीपासून."

"मग दिसत कसा नाय कुणाला?"

"उबळ आली की ती गोठ्यात जाती अन् म्हशीवर ओरडती. मोठ्यानं. लोकांना वाटतं जिजी म्हशीला बोलायली." अक्का थांबली, दम घेतला. "खोलीची खिडकी उघडू देत नाय. राखेच्या डब्यात थुंकती. तो डबा रोज मीच नेऊन टाकायची. मी तिच्याच खोलीत झोपायची, पाय चेपायला."

"दाजींना माहीत हाय?"

"सगळ्यांना माहीत हाय. नणंदेचं लग्न व्हायचंय म्हणून कुणी बोलत नाय. राजूच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातलीय मला." आणि मग ती जे म्हणाली त्यासाठी मी जिजीला कधीही माफ केलं नाही, करणार नाही. "शोभे, राजू तिच्याच मांडीवर असतो गं दिवसभर."

पुढच्याच आठवड्यात दादा बाजारातून आले ते तोंड उतरवून. दाजींना दुसरी मुलगी बघितली होती, कन्नडकडची. गुरुवारी सुपारी फुटणार होती. दादा म्हणाले, चार माणसं घेऊन जाऊ, जिजीच्या पाया पडू. माय म्हणाली, "पाया पडून पोरगी नांदत नसती." गुरुवारी मी दप्तर घेऊन कॉलेजला म्हणून निघाले आणि फुलंब्रीला न उतरता शहरात गेले. तिथून खुलताबादच्या एसटीनं पडेगाव. माझ्याकडं काहीही पुरावा नव्हता. अक्काच्या स्वतःच्या तपासणीचं उत्तर अजून यायचं होतं. मी जे बोलणार होते ते बांधावर कुजबुजलेलं बोलणं होतं, आणि ते खोटं ठरवायला जिजीला एक हात हलवणं पुरेसं होतं.

अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. पाहुणे बसलेले, शिऱ्याच्या ताटल्या फिरत होत्या. मुलीचा बाप थोराड अंगाचा, पांढऱ्या टोपीचा माणूस, आणि त्याच्यामागं बायकांत मुलीची आत्या. जिजी दाराशी पाटावर बसली होती, हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, आणि मांडीवर राजू. मला बघून ती हसली. लोकांसमोर ती नेहमी हसायची.

"कामून आली गं तू? कुणी बोलावलं?"

"राजूला बघायला आले," मी म्हणाले. "अन् पाव्हण्यांना एक विचारायला." मी त्या टोपीवाल्यांकडं वळले. "काका, पहिली बायको कामून सोडली, सांगितलं का तुम्हाला?"

"टीबी झाला म्हणले," ते संकोचून बोलले. "माहेरूनच घेऊन आली म्हणे."

"माहेरी आमच्या सगळ्यांचे छातीचे फोटो काढले. कुणालाच काही नाय. मग तिला आला कुठून?"

दाजी उठले. "शोभे, चालती हो इथून."

"जिजीला विचारा," मी म्हणाले, "गोठ्यात जाऊन म्हशीवर कामून ओरडते."

जिजीचं हसू गेलं. "सटवे, जीभ हासडीन तुझी! आमच्या दारात येऊन..." तिनं आवाज चढवला आणि तोच आवाज तिला भोवला. उबळ आली. तिनं पदर तोंडाशी नेला, उठायला बघितलं, पण मांडीवर राजू होता आणि गोठा लांब होता. ती खोकायला लागली. आतून, खोलातून, बरड जमीन नांगरावी तशी. कुणीतरी पाणी दिलं, तिला तांब्या धरवेना. सगळं अंगण ताटल्या हातात धरून ऐकत बसलं. राजू तिच्या प्रत्येक उबळीबरोबर मांडीवर हिंदकळत होता आणि त्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं, इतकी सवय.

"हा खोकला मी ओळखते, काका," मी म्हणाले. "आमच्या घरी हाच येऊन राहिलाय."

त्या वेळी मला काय वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. एक आजारी म्हातारी बाई चारचौघांत गुदमरत होती आणि तिनं अजून खोकावं, कन्नडपर्यंत ऐकू जावं, असं मला वाटत होतं. आजही तो प्रसंग आठवला की मला तसंच बरं वाटतं.

आधी मुलीची आत्या उठली. मग मुलीच्या बापानं ताटली खाली ठेवली, टोपी नीट केली आणि कुणाकडंही न बघता म्हणाला, "चला." मी पुढं होऊन राजूला उचललं. दाजी आडवे आले. "लावा हात," मी म्हणाले. "पाव्हणे अजून फाटकातच हायेत, तेही बघतील." ते बाजूला झाले.

एसटीत राजू खांद्यावर झोपला. त्याचं अंग कोमट होतं आणि माझ्या बोटांना त्याच्या कानाखाली बोराएवढी गाठ लागली. घरी पोचले तेव्हा अक्का ओट्यावर होती. तिनं पोराला ओढून घेतलं, त्याच्या केसांत तोंड घातलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "शपथ मह्या गळ्यात घातलती. तुह्या नाय." एवढंच.

लहान मुलाचं निदान मोठ्यांहून अवघड. त्यांना थुंकी काढता येत नाही, ती गिळून टाकतात. डॉक्टरीणबाईंनी सकाळी उपाशीपोटी त्याच्या नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढलं. अक्कानं त्याचे हात धरले, मी पाय. तो किंचाळत होता आणि मी मनातल्या मनात त्या प्रत्येक किंकाळीवर जिजीचं नाव लिहीत होते. पाण्यातही काही सापडलं नाही. पण आता अक्कानं बाईंना सगळं सांगितलं होतं, खिडकी, डबा, गोठा. बाईंनी गाठ चाचपली, फोटो बघितला, मान हलवली. "आजीपाशी झोपणारा मुलगा, वजन वाढत नाही, गळ्यात गाठ. मला आणखी काय हवं?" त्याला औषध सुरू झालं. अक्काच्या तपासणीचं उत्तर पुढं आलं, जंतू वाढले होते. पण तोवर अक्का एका वेळी पूर्ण भाकरी खायला लागली होती.

पडेगावला कुणी मुलगी देईना. अक्काच्या नणंदेचं जमत आलेलं लग्न मोडलं. तिचं पुढं फर्दापूरकडं चांगलं झालं, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. शेवटी दाजींनी जिजीला दवाखान्यात आणलं. अक्काच्या थुंकीत जे शोधून सापडत नव्हतं ते जिजीच्या पहिल्याच काचेवर भरभरून निघालं. एकदा औषध आणायला गेलो तर ती बाकावर बसलेली, तोंडाला फडकं बांधून, एकटी. मला म्हणाली, "नाव घालवलंस महं."

"घालवलं," मी म्हणाले. "अन् तुम्ही ते लेकराला मांडीवर घेऊन कमावलं होतं."

ती बरी झाली. ही गोष्ट मला पुष्कळ वर्षं सलत होती. तिची पडेगावची बागायत आता प्लॉटांखाली गेली, ती स्वतः पिकल्या वयात गेली. राजू तिच्या मातीला गेला, त्याचा तो हक्क होता. त्यानं मला फोन केला, "मावशी, येती का?" मी नाही म्हणाले आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली. अक्का आज त्याच्याकडंच राहते, नातवंडांवर ओरडते, जिने चढते. ती सासरी परत गेली नाही. ते कसं झालं तेवढं सांगते.

औषधं संपून अक्काचं अंग भरलं तेव्हा दाजी नवं पातळ घेऊन आले. झालं गेलं म्हणाले, घर मोकळं पडलंय म्हणाले. अक्का चुलीपुढं होती. ती म्हणाली, "जिजीला पाठवा. तिनं आमच्या दारात उभं राहून सगळ्या गल्लीसमोर सांगावं, आजार कुणाचा व्हता. मग बोलू." मला वाटलं, अक्का मऊ पडली. मी तिच्यावर चिडले, दोन दिवस बोलले नाही. जिजी येणार नाही असंही वाटलं. पण ती आली. घरात बाई नव्हती, नातू नव्हता, आणि दाजींना कुणी मुलगी देत नव्हतं.

सकाळची वेळ होती. ती जीपमधून उतरून आमच्या ओट्याखाली उभी राहिली. गल्लीतल्या बायका आपापल्या दारांत आल्या. जिजी जमिनीकडं बघत म्हणाली, "खोकला आधी मला व्हता. मंदाला माझ्यापासून झालं."

"पलीकडच्यांना ऐकू नाय गेलं," अक्का म्हणाली. "पुन्हा सांगा."

जिजीनं मान वर केली आणि पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. माय सवयीनं पाणी आणायला उठली. "बस, माय," अक्का म्हणाली, आणि माय बसली.

"चल आता," जिजी म्हणाली. "जीप उभी हाय."

अक्कानं दाजींनी आणलेलं पातळ घडीसकट आणून जिजीच्या हातात दिलं. "मग बोलू म्हणले व्हते," ती म्हणाली. "बोलले. जावा आता."